आधीचं नाव

बरणीवरच्या चिठ्ठीचा डावा कोपरा दोनेक मिलिमीटर सुटला होता. खाली दुसरी चिठ्ठी होती. पिवळी पडलेली, टाकाच्या शाईतली. संयोगितानं चिमट्यानं वरची चिठ्ठी जरा उचलली आणि तशीच सोडली. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतली तिची नोकरी संपणार होती. त्याआधी सगळ्या बरण्या नीट लावून द्यायच्या, असं तिनंच ठरवलं होतं.

याच टेबलावर, फॉर्मॅलिनच्या वासात, डबा खाऊन उरलेल्या वेळात तिनं अकरा वर्षं एक जुनी इंग्रजी कादंबरी मराठीत आणली होती. तिच्यातलं माणूस तीनशे वर्षं जगतं. अर्ध्या वाटेवर पुरुषाची बाई होतं. तरी आपण तेच आहोत, याची त्याला कधी शंका येत नाही.

तिला मात्र हे लिहून द्यावं लागत होतं. दहावीच्या दाखल्यावर ती धोंडुबाई आकाराम खोत होती. तिच्याआधीची दोन भावंडं दगावली, म्हणून माहेरी, नेसरी गावात, तिचं नाव धोंडू ठेवलं. दगडधोंड्याला काळ कशाला हात लावेल? लग्नात उदयसिंहानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'संयोगिता' लिहिलं, साखर वाटली गेली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच तांदळाचा भात लावला. तेव्हापासून नोकरी, बँक, पासपोर्ट, पेन्शन, दर वेळी स्टॅम्पपेपरवर तेच: या दोन्ही नावांची व्यक्ती एकच. उदयसिंहाला तो कोण आहे, हे कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

कादंबरीचं हस्तलिखित देताना तिनं अनुवादकाच्या नावाची जागा मोकळी ठेवली होती. कळवते, म्हणाली होती. दोन महिने झाले. रोज घरी विषय काढायचं ठरवायची आणि भाजी निवडत बसायची.

दुपारच्या सुट्टीत उदयसिंह तिला जेवायला न्यायला आला तो प्रकाशक धैर्यशीलला घेऊनच. दोघं एका तालमीतले. धैर्यशीलनं मुखपृष्ठाचा कागद बरणीशेजारी पसरला.

"बघा वहिनी. तुम्ही व्हय म्हणा, चारला छापायला सोडतो."

खाली छापलं होतं, 'सौ. संयोगिता उदयसिंह इंगवले'.

हे कुणी दिलं, तिनं विचारलं. धैर्यशीलनं उदयसिंहाकडं पाहिलं.

"मोकळी जागा दिसली, भरून टाकली," उदयसिंह म्हणाला. "तुझंच नाव हाय की. ह्याचा फोन आलता, मी सांगितलं."

"मला विचारायचं तरी."

"आता तुझं नाव तुला काय विचारायचं?"

तिनं हळूच धोंडुबाई हे नाव उच्चारलं. उदयसिंह खो खो हसला.

"धोंडुबाईची कादंबरी कोण घेणार गं? लोकं म्हणतील, कांदा-लसूण चटणीचं पुस्तक हाय."

धैर्यशीलही हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला. आतल्या पानावर 'पूर्वाश्रमीच्या' म्हणून घालू की, असं त्यानं सुचवलं. जणू ती संन्यास घेऊन कुठंतरी निघून गेली होती. तिला राग आला तो मुखपृष्ठावरच्या त्या चार शब्दांचा नव्हता. या दोघांना यात काही विचारण्यासारखं होतं, हे आत्ताही कळलेलं नव्हतं.

तिनं कापूस ओला करून बरणीवरच्या चिठ्ठीवर दाबला. नोकरीच्या पहिल्या वर्षी सरांनी सांगितलेलं तिला आठवलं. एका प्राण्याला चार जणांनी चार नावं दिली, तर सगळ्यात आधीचं नाव धरायचं. मागाहूनची नुसती नोंदीत राहतात. पुढं तीस वर्षं तिनं हेच दर वर्षीच्या पोरींना सांगितलं होतं.

"चल की," उदयसिंह म्हणाला, "भात निवतोय."

डिंक भिजला. वरची चिठ्ठी अलगद निघून आली. खालची शाई फुटली नव्हती.

तिनं हात पुसले. कागद धैर्यशीलकडं सरकवला आणि आपलं पेन त्याच्यावर ठेवलं.

"लिहून घ्या, भाऊजी. धोंडुबाई आकाराम खोत. सौ. नको."