उकंड्यावरचं लेकरू

गोपिका गुरनुलेनं एका ओळीपायी एका बाईचं लेकरू घालवत आणलं होतं. ओळ खोटी असती तर खोडून टाकता आली असती. ती अक्षर न् अक्षर खरी होती.

सरकारी कागदावर गोपिका परिविक्षा अधिकारी होती. कोर्टात सगळे तिला ‘रिपोर्टवाली बाई’ म्हणत. लेकरावरून मोठी माणसं भांडायला लागली की कोर्ट तिला त्या लेकराच्या घरी पाठवायचं. तिनं बघायचं, लिहायचं आणि तिच्या लिहिण्यावर लेकरू कोणाच्या हाती जायचं ते बरंचसं ठरायचं. ती आष्टीकडच्या माळ्याची पोरगी. वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात वाढलेली. वकिलांचा चहा पीत नसे, त्यामुळे वकिलांत तिच्याबद्दल फारसं चांगलं बोललं जात नसे.

एकोणऐंशी सालची गोष्ट. अर्ज केला होता रूपरावनं. गिरडजवळच्या खेड्यातला खातापिता कास्तकार. त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी साप चावून गेला. मागे राहिली भावाची बायको देवकाबाई, सात वर्षांचा पोरगा उकंडा आणि पोराच्या नावावर चढलेली सहा एकर जमीन. रूपरावला पुतण्याचं पालकत्व हवं होतं. पुतण्याची माया अर्जात पानभर उतू जात होती. सहा एकरांबद्दल मात्र माणूस एकदम मितभाषी.

नवरा गेल्यावर देवकाबाईनं जामच्या चौफुलीवर चहा-भज्यांची टपरी टाकली होती. ट्रकवाल्यांत बसणारी बाई, हा रूपरावचा मोठा मुद्दा. त्यात बाईनं कोर्टाची नोटीस घेतली नाही. दुसऱ्यांदा आली, तेव्हाही अंगठा दिला नाही. बेलिफ म्हणाला, बाई माजोरी आहे. तेव्हा जज्जसाहेबांनी गोपिकाला चौकशीला धाडलं.

गोपिका कधी सांगून जात नसे. सांगून गेलं की लेकराच्या अंगात कोरा सदरा असतो आणि तोंडात पाठ केलेलं उत्तर. ती गुरुवारी दुपारी एसटीतून जामला उतरली, टपरीच्या बाकावर बसली, आपण कोण ते सरळ सांगितलं आणि कांद्यांची पाटी पुढ्यात ओढली.

“द्या, मी चिरते.”

देवकाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कोर्टाच्या बाईनं कांदा चिरला तं कोर्टाले राग नाई येनार?”

“कोर्टाले कांदा लागत नाई, देवकाबाई. मले लागते.”

शेजारी वांग्यांची टोपली घेऊन वच्छलाबाई बसली होती. देवकाबाईची गावातली शेजारीण, पाच लेकरांची आई. दर गुरुवारी भाजी विकायला इथं यायची. ती फिस्सकन हसली. “चिरू दे व! फुकटची कामवाली भेटली.”

शाळेतून पोरगा आला. दप्तर बाकावर आदळलं. “देवका, भूक लागली.”

‘देवका’. नुसतं नाव. गोपिकाचे कान टवकारले.

“आला काय रे मेल्या?” देवकाबाई कढईवरून ओरडली. “उकंड्यावरच्या! हात धू पह्यले. कुठं लोळून आला मसनात?”

तोंड असं चालू, आणि हातानं घाण्यातलं सगळ्यांत मोठं भजं बाजूला काढलं. मधोमध मोडून आत कच्चं तर नाही ना पाहिलं, फुंकर घालून निववलं, मग पानावर ठेवलं. पोरगा तिच्या गुडघ्याला पाठ टेकून खायला बसला. तिचा डावा हात त्याच्या पाठीवर फिरत राहिला आणि उजवा कढईत. शिव्या काही थांबल्या नाहीत. खाऊन झाल्यावर पोरगा उठला, वच्छलाबाईच्या टोपलीतून एक काकडी उचलली. “माय, घेऊ काय?” आणि उत्तराआधीच चावा घेऊन पसार.

गोपिकानं कांदा खाली ठेवला. “नोटीसवर अंगठा काऊन नाई दिला?”

देवकाबाईनं डब्यामागून, बेलिफ तसाच टाकून गेलेला, घडी घातलेला कागद काढला. वाचता येत नव्हतं, पण कोणीतरी वाचून दाखवलं होतं. एका ओळीवर तिनं बोट नेलं आणि कागदाला न टेकवता वरचेवर धरलं. “हे लिवलं हाये ना, म्हून.”

तिथं लिहिलं होतं: ‘अल्पवयीन उकंडा याची आई देवकाबाई’.

“मी नोहो त्याची. वच्छलाचा हाये तो. तिनं उचलला त्याले.”

गोपिकाला पुढचं काही विचारावं लागलं नाही. तिच्या स्वतःच्या गल्लीत दोन उकंडा होते आणि एक धोंडी. बाकीचं वच्छलाबाईनं आपणहून सांगितलं. देवकाबाईचं पहिलं लेकरू अकरा दिवसांत गेलं. दुसरं दीड महिन्यात. तिसऱ्याचं नावही ठेवता आलं नव्हतं. चौथा झाला तेव्हा पाचव्या दिवशी तिनं त्याला सुपात घातलं, मागल्या दारानं नेऊन उकिरड्यावर, म्हणजे त्यांच्या बोलीत उकंड्यावर, ठेवलं आणि मागं न पाहता घरात आली. भिंतीआड वच्छलाबाई उभीच होती. तिची पाचही जगलेली, म्हणूनच तिला बोलावलेलं. तिनं गावाला ऐकू जाईल असं विचारलं, “कोनं टाकलं व हे लेकरू?” उचललं, आपलं म्हटलं आणि सूपभर कोंड्याच्या बदल्यात दूध पाजायला देवकाबाईच्या हवाली केलं. मरणाचा डोळा देवकाच्या लेकरांवर. हे देवकाचं नाहीच मुळी! बारा वर्षांचा होईपर्यंत तिनं त्याला आपलं म्हणायचं नाही आणि त्यानं तिला माय म्हणायचं नाही.

“मी नुसती नावाची माय, मॅडम,” वच्छलाबाई म्हणाली. “दूध तिचं, जागरन तिचं. पोट्टा आठवड्याले माही येक काकडी खाते, येवढाच माहा खर्च.”

देवकाबाई हसली नाही. कागदाची घडी पुन्हा डब्यामागं गेली.

गोपिकानं चार पानी अहवाल लिहिला. पोरगा शाळेत जातो, अंगावर खरूज नाही, भुकेला राहत नाही, बाईच्या टपरीवर दारू नाही. आणि तिसऱ्या पानावर ती ओळ: ‘जन्मानंतर पाचव्या दिवशी देवकाबाईने मुलास उकिरड्यावर ठेवले, शेजारीण वच्छलाबाईने उचलले, मुलगा तिलाच माय म्हणतो.’ ही ओळ तिनं देवकाबाईच्या बाजूनं लिहिली होती. ह्याहून मोठा मायेचा पुरावा तिला ठाऊक नव्हता. पुढे खुलासा काहीच केला नाही. ज्या गोष्टी पाळण्यात असल्यापासून ऐकल्या, त्यांचा खुलासा करायचा असतो हे सुचलंच नाही.

जज्जसाहेब कोकणातून नव्यानेच बदलून आले होते.

सुनावणीला रूपरावच्या वकिलानं, सदाशिवरावांनी, तीच ओळ कोर्टात मोठ्यानं वाचली. एकदा वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. “सरकारी बाईंचाच अहवाल आहे साहेब, आमचं काही नाही.” हे सदाशिवराव इथलेच. त्यांच्या सख्ख्या मामाचं नाव उकंडराव होतं. पण पोटापाण्याच्या वेळी माणूस मामाला विसरतो.

साहेबांचा चेहरा दगड झाला. “देवकाबाई, हे खरं आहे?”

“व्हय जी.”

“तुम्ही मुलाला उकिरड्यावर टाकलंत?”

“मीच ठेवला जी.”

“हा मुलगा तुमचा आहे ना? तुम्ही त्याच्या आई आहात ना?”

देवकाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. हो म्हटलं तर पोरगा हाती राहील, पण जगेल का? नाही म्हटलं तर जगेल, पण रूपरावच्या दावणीला. कोर्ट तिच्या तोंडाकडे बघत थांबलं होतं. शेवटी ती म्हणाली, “नाई जी. वच्छलाचा हाये.”

रूपराव खाली बघत होता. त्याला सगळं माहीत होतं. त्या दिवशी अंगणात तोच होता आणि सुपातला कोंडाही त्याच्याच घरचा.

गोपिका उठून उभी राहिली. “साहेब, मला साक्ष द्यायचीय. माझा अहवाल अर्धवट आहे. चूक माझी आहे.”

पिंजऱ्यात उभं राहून तिनं सगळं सांगितलं. तीन लेकरं, सूप, भिंतीआडची वच्छलाबाई, काही गाळलं नाही. सदाशिवराव टाळी द्यावी तसे हसले. “म्हणजे अंधश्रद्धा! मॅडम शिकलेल्या आहेत. पाच दिवसांचं लेकरू घाणीत ठेवणाऱ्या बाईच्या हाती मूल द्यावं, असं ह्यांच्या शास्त्रात बसतं का?”

“मी सूपही मानत नाही आणि उकिरडाही मानत नाही,” गोपिका म्हणाली. आवाज चढला होता, तिला पर्वा नव्हती. “पण तीन लेकरं पुरली तेव्हा त्या बाईला डॉक्टर दिसला होता का, ते विचारा. नर्सबाई कधी त्या गावात गेली होती का, ते विचारा. तुम्ही-आम्ही सरकार म्हणून तिच्यासाठी काही केलं नाही. तिच्या हातात जे होतं ते तिनं केलं. लेकरू उकिरड्यावर उचलून घेईपर्यंतच होतं, साहेब. उचलणारी दहा पावलांवर उभी होती. त्यानंतर ही बाई सात वर्षं ‘माय’ ऐकल्यावाचून राहिलीय. रोज हिच्यासमोर त्यानं दुसरीला माय म्हणायचं आणि हिनं भजी तळायची. ज्याला लेकरू नको असतं त्याच्याच्यानं हे एक दिवस होत नाही.”

 साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्ही म्हणता. मी मुलालाच विचारतो.”

“विचारा. पण माय कोण, तेवढं विचारू नका.”

“का?”

“खरं सांगितलं तर आपण मरू, असं त्याला वाटतं. खोटं सांगितलं तर ती त्याच्यापासून जाते. सात वर्षांच्या जिवावर असला प्रश्न टाकायचा नसतो. मला दुसरं काही येत नसेल साहेब, पण एवढं येतं.”

साहेबांच्या खोलीत तिघंच गेली. साहेब, गोपिका आणि पोरगा. साहेबांनी काळा कोट काढून खुर्चीला अडकवला. पोरगा टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत होता. त्यांनी डबी त्याच्याकडे सरकवली.

“देवका तुला काय म्हणते रे?”

“मेल्या म्हनते. उकंड्यावरचा म्हनते. कधी मुडदा म्हनते.”

“मग फार रागावते तुझ्यावर?”

“नाई.” पोरग्याला प्रश्नच खुळा वाटला. “राग आला का चूप बसते ते. शिव्या तं रोजच्याच हायेत.”

“आणि काका? ते काय म्हणतात?”

पोरगा टाचण्यांची रांग लावत होता, तो थांबला. “काका मले सोन्या म्हनते.”

“चांगलं आहे की.”

“मले भेव वाटते त्याचं. सोन्या म्हनलं का यमाले आयकू जाते.”

साहेबांनी गोपिकाकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. अशा वेळी लेकराला आपलं तोंड दिसू द्यायचं नसतं.

पोरगा उठला. दाराकडे पाहून आला, बाहेर कोणी नाही ना. मग टेबलाला वळसा घालून साहेबांच्या खुर्चीजवळ गेला. “येक सांगू तुमाले? कोनाले सांगसान तं नाई?”

“नाही सांगणार.”

तो चवड्यांवर उंच झाला, साहेबांच्या कानाला दोन्ही हातांची ओंजळ लावली आणि काहीतरी पुटपुटला. एकच शब्द असावा, किंवा दोन. गोपिकाला ऐकू आलं नाही, आणि तिनं पुढं कधी विचारलंही नाही.

“लिवू बी नका,” पोरगा म्हणाला.

“लिहिणारही नाही,” साहेब म्हणाले. मग नाक शिंकरायला खिडकीशी गेले.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. साहेबांनी वाचला: मुलगा उकंडा हा ज्या बाईच्या हातचं सात वर्षं जेवला, त्या देवकाबाईकडेच राहील. त्याची जमीन तो सज्ञान होईपर्यंत कोर्टाच्या परवानगीवाचून कोणाला विकता येणार नाही. रूपरावचा अर्ज फेटाळण्यात येत आहे.

सदाशिवराव उठले. “साहेब, निकालात नातं राहिलंय. कायद्यानं लिहायला हवं. नैसर्गिक पालक म्हणून—”

“नातं कोर्टाला माहीत आहे,” साहेब म्हणाले. “बसा.”

बाहेर व्हरांड्यात देवकाबाई खांबाला टेकून उभी होती. कोर्टाची भाषा तिच्या डोक्यावरून गेली होती. गोपिकानं सांगितलं, “तुमच्यापाशीच राह्यते तो. कोनी नेत नाई आता.” देवकाबाई खांबाशीच खाली बसली. पोरगा समोर उभा. तिचे दोन्ही हात त्याच्याकडे उचलले गेले, आणि मधेच थांबले. आजूबाजूला कोर्टाची सगळी माणसं, रूपराव पायऱ्यांवर, ज्याचा त्याचा डोळा तिच्याकडे. तिनं हात मागं घेऊन मांडीखाली दाबून धरले.

“मॅडम,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “तुमी घ्या न जी त्याले पोटाशी. माह्याकडून. लई दिसांचं राह्यलं हाये.”

चौकशीतल्या लेकराला गोपिका नोकरीच्या बारा वर्षांत कधी शिवली नव्हती. तसा नियमच होता, आणि चांगला नियम होता. ती व्हरांड्याच्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि पोराला छातीशी घेतलं, घट्ट, एका बाईच्या सात वर्षांचं एकदमच. त्याच्या केसांना तेलाचा आणि बेसनाचा वास येत होता. देवकाबाई त्या दोघांकडे पापणी न हलवता बघत होती, आणि ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“सोडा न व,” थोड्या वेळानं पोरगा आतून गुदमरत म्हणाला. “आमची यष्टी जाईन.”

गोपिकानं आणखी थोडा वेळ सोडलं नाही.