मीठ कमी

बाबा शिंपी होते आणि वाचनालयाच्या पुस्तकांत पेन्सिलीने शेरे मारत. गिऱ्हाइकांची मापं हजार. सिनेमा, कादंबरी, भाजी यांना मात्र एकच: मीठ कमी.

ते गेल्यावर त्यांचं शेवटचं पुस्तक परत करायला लेक खोडरबर घेऊनच गेली. बोलणी कोण खाणार?

“खोडू नकोस गं,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांचं निम्मं वाचन म्हणजे तुझ्या बाबांचे शेरे.”

तिने पुस्तक चाळलं. एकशे बाराव्या पानावर लिहिलं होतं: ‘धाकटी सून लबाड दिसते. बघू.’ त्यापुढे एकही शेरा नव्हता.

“आठवडाभर ठेवू का अजून?” तिने विचारलं.

पुस्तक परत आलं तेव्हा शेवटच्या पानावर नव्या अक्षरात ओळ होती: ‘सून साधी निघाली, बाबा. मीठ मात्र कमीच.’