ओर्थेयाच्या वेशीचा दगड

मी ओर्थेयाच्या वेशीचा दगड बोलतोय. वेशीच्या दोन खांबांवर मला आडवं बसवलं होतं आणि माझ्या छातीवर शहराचं नाव कोरलं होतं. आत येणारा प्रत्येक जण मान वर करून मला वाचायचा. वाचता न येणारेही मान वर करायचेच.

शहर म्हणजे फार मोठं समजू नका. वेशीत कोणी शिंकलं तर देवळाजवळचा माणूस त्याला आशीर्वाद द्यायचा. डोंगरउतारावर ऑलिव्हची झाडं, खाली द्राक्षांचे मळे आणि सगळीकडे शेळ्या. पण आमची स्वतःची सभा होती. द्राक्षं उतरली की पुरुष वेशीच्या आतल्या चौकात जमत. "कोणाला बोलायचंय?" असा पुकारा झाला की चांभारसुद्धा उठून जमीनदाराला चार गोष्टी सुनावायचा.

एका वसंतात राजाचा दूत आला. राजा समुद्रकिनारी स्वतःच्या नावाचं नवं शहर वसवत होता आणि ते भरायला त्याला माणसं हवी होती.

"रुंद रस्ते आहेत, बंदर आहे," दूत म्हणाला. "या डोंगरात तुम्हाला मिळतं तरी काय?"

त्या वर्षीचा आमचा प्रमुख देक्सिप्पोस चीज बनवायचा. हात पुसत तो म्हणाला, "वारा मिळतो. आणि राजा मिळत नाही."

चौक खदखदून हसला. दूत हसला नाही.

सुगीच्या दिवसांत सैन्य आलं. आमची माणसं तटावर शर्थीने लढली, पण ती थोडी होती. मग तट पाडले, घरं जाळली. मला दोर लावून बैलांनी खाली ओढलं. एका शिपायाने छिन्नी घेऊन माझ्या छातीवरचं एकेक अक्षर तासून काढलं. लोक रांगेत उभे राहून पाहत होते.

"चल म्हाताऱ्या, तुझं शहर संपलं," शिपाई देक्सिप्पोसला म्हणाला.

"भिंत पाडलीस रे. आता सभा पाडायला कुठून सुरुवात करणार?"

त्याच्या पाठीत भाल्याचा दांडा बसला. रांग खाली समुद्राकडे निघून गेली.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या वर्षी, द्राक्षं उतरल्यावर, पायवाटेवर आवाज आले. पूर्वजांच्या थडग्यांवर तेल वाहायला जातो, असं पहारेकऱ्यांना सांगून आमची माणसं डोंगर चढून आली होती. पडलेल्या दगडांवर ती बसली. देक्सिप्पोस माझ्यावर बसला. पुकारा झाला, नवा प्रमुख निवडला गेला. जी गल्लीच उरली नव्हती तिच्या सांडपाण्यावरून दोघं हमरीतुमरीवर आले! तेव्हा मला खात्री पटली, ओर्थेया जिवंत आहे.

राजाला हे कळलं. त्याच्या शिपायांनी देक्सिप्पोसचा पाय मोडला. पुढच्या वर्षी तो मुलाच्या खांद्यावर बसून आला.

माणसांना मारून थांबवता आलं नाही, पण पोटापाण्याने थांबवलं. देक्सिप्पोस गेला. नातवंडांना बंदरात कामं मिळाली, डोंगर उंच वाटू लागला. एका वर्षी त्याची नात तिमारेता आणि तिचा भाऊ अशी दोघंच आली. ती शेळ्यांसारखी बाजूला थांबली, कारण सभा पुरुषांची. भाऊ माझ्यावर टेकून कुरकुरला, "पुढल्या साली मी यायचा नाही. जहाजं येतात या दिवसांत."

"मग मी येईन."

"वेडी आहेस का? बायका सभेत बोलत नाहीत."

"पुरुष येत नाहीत, बायका बोलत नाहीत. राजाने आणखी काय मागितलं होतं रे?"

पुढच्या वर्षी ती एकटीच आली. धापा टाकत माझ्यावर चढून उभी राहिली. "कोणाला बोलायचंय?" तिने पुकारलं. मग तीच म्हणाली, "मला. मी तिमारेता, ओर्थेयाची. ठराव एकच आहे, हे शहर आम्ही राजाला दिलेलं नाही." तिने हात वर केला. "विरोधात कोणी?" समोर उन्हात एक सरडा होता. तो गप्प राहिला.

"मंजूर," ती म्हणाली, आणि माझ्यावर बसून भाकर-चीज खाल्लं. गुडघे चालले तोवर ती दरवर्षी येत राहिली.

आता, कित्येक शतकांनंतर, मी स्तामातिया नावाच्या धनगरणीच्या शेळ्यांच्या वाड्याच्या भिंतीत उलटा बसवलेला आहे. मध्यंतरी शहरातून काही शिकलेली माणसं आली. "इथे कुठेतरी ते हरवलेलं शहर असणार," एक जण म्हणाला.

"हरवायला ती काय शेळी आहे?" स्तामातिया फटकन बोलली. बाई माझ्या मनातलं बोलली.

तुम्हीही आम्हाला हरवलेलं म्हणू नका. आम्हाला आमच्या जागेवरून उठवलं, असं सांगा. उठवणारा कोण, असं कोणी विचारेल. त्या राजाचं नाव मला चांगलं ठाऊक आहे. पण ते मी सांगणार नाही.