पर्वणीच्या दिवशीचं पाणी

सिडकोतल्या त्या इमारतीत मीना पहिल्या मजल्यावर राहायची आणि तिच्या बरोबर डोक्यावर गोरक्ष. गोरक्षच्या बाथरूमचं पाणी खाली मीनाच्या बाथरूममध्ये झिरपायला लागलं, तेव्हा ती वर जाऊन नीट बोलली. त्यानेही नीट ऐकून घेतलं. उद्या प्लंबर येतोय, म्हणाला. पुढे वर्षभर तो हेच सांगत राहिला. त्याने नुकतीच नवी फरशी बसवली होती आणि ती फोडणं त्याच्या जिवावर येत होतं, हे मीनाला त्याच्या बायकोकडून, मंजुषाकडून कळलं. मंजुषा अधूनमधून चहाला खाली यायची. नवऱ्यापुढे तिचं काही चालत नव्हतं.

मीना मग आपल्या परीने निभावत राहिली. छताच्या रंगाला फुगा आला की खाली घमेलं ठेवून तो सुईने टोचायचा, म्हणजे पाणी एका जागी उतरतं. थेंब पडतो तिथे सुतळी लावून टोक बादलीत सोडायचं. दिव्यापाशी ओल दिसली की आधी मेन स्विच पाडायचा. सगळं प्लंबर येईपर्यंतचं.

तिची सासू अक्काबाई मखमलाबादच्या माळ्यांची. जन्मभर मळ्यातली फुलं ओवून हार केलेली बाई. एका सकाळी ती आंघोळीला बसलेली असताना भिजून सैल झालेला सिमेंटचा थर छतातून सुटला आणि तिच्या उजव्या मनगटावर पडला. हाड जुळलं, पण बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. सुई धरायला गेली की गळून पडायची.

त्या दिवसांत जिन्यात गोरक्ष भेटला. "वहिनी, जुनं बांधकाम आहे," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांनी जरा वर बघून बसावं."

मीना घरात आली. भांडी घासताना तिने ते वाक्य मनात घोळवलं, आणि मग रोजच घोळवत राहिली. अक्काबाईच्या केसांना तेल लावताना, तिला घास भरवताना. ते जुनं होऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

मग सिंहस्थाचं वर्ष आलं. पर्वणीच्या स्नानासाठी ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. गोरक्षकडेही नांदगावहून सासुरवाडीची माणसं उतरली होती. त्यांच्यासाठी त्याने नव्या गाद्या आणल्या होत्या आणि स्वयंपाकघरात प्लायवूडच्या ट्रॉल्या बसवून घेतल्या होत्या. मीनाचा नवरा एसटीत ड्रायव्हर, तो जादा गाड्यांवर गेलेला.

पर्वणीच्या सकाळी पाहुणे गंगेवर गेले आणि इकडे गोरक्षने ओट्याखालचा गळका नळ जोर लावून पिळला. नळ पाइपासकट हातात आला. घरातला कॉक गंजून घट्ट बसलेला. आता पाणी थांबवायचं तर गच्चीवरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करणं, एवढाच उपाय. गच्चीच्या लोखंडी दाराला कुलूप होतं आणि किल्ली त्या महिन्याच्या पाळीने मीनाकडे.

मंजुषा धावत खाली आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. प्लंबर पंचवटीत अडकलाय, रस्ते बंद आहेत, म्हणाली, किल्ली द्या.

किल्ली मीनाच्या कमरेला, पदराखाली होती.

"अगं, ह्यांच्याच खिशात राहिली बघ," मीना म्हणाली. "ड्युटीवर घेऊन गेले."

मग तिने मंजुषाला सगळं शांतपणे समजावलं. आधी मेन स्विच पाडा. सायकलची जुनी ट्यूब असेल तर पाइपाच्या तोंडावर गुंडाळा, नसेल तर फडकं कोंबा आणि हाताने दाबून धरा. "दाबून धरायला सांग त्यांना. प्लंबर येईलच."

ती गेल्यावर मीनाने दार लावलं. आपल्या स्वयंपाकघरातले धान्याचे डबे बाहेरच्या खोलीत नेले, ओट्यावर प्लॅस्टिक टाकलं, खाली टब लावला. वरचं पाणी आपल्याही छतातून उतरणार हे तिला कळत होतं. चालेल, असं तिला वाटलं. तिने अक्काबाईला काय झालं ते सांगितलं आणि पदर बाजूला करून किल्ली दाखवली.

अक्काबाईने किल्ली बघितली. "च्या टाक," म्हणाली.

दोघी चहा प्यायल्या. वर गाद्या ओढल्याचा आवाज, गोरक्षचं मंजुषावर ओरडणं, मग त्याचं कण्हणं. त्याचे हात भरून आले असणार. मीना एकेक आवाज चवीने ऐकत होती. जिन्यावरून पाणी पायरी पायरी उतरायला लागलं, छताला फुगा आला, आणि तिने तो सुईने टोचला.

शेवटी अक्काबाईनेच कप खाली ठेवला.

"जा आता, बंद कर."

"कीव आली तुम्हाला?"

"त्याची नाय. पाण्याची. लय नासाडी झाली."

मीना वर गेली. गच्चीचं दार उघडून तिने व्हॉल्व्ह फिरवला आणि उतरताना गोरक्षच्या दारात थांबली. तो ओट्याखाली गुडघ्यांवर बसलेला, बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगलं होतं. त्याला तिच्या हातातली किल्ली दिसली.

"होती ना तुमच्याकडे?"

"होती."

तो उठायला गेला, पण त्याची बोटं उघडेनात. ओलं फडकं तसंच मुठीत राहिलं. मीनाने ते पोटभर पाहिलं आणि ती खाली आली.

रस्ते उघडल्यावर प्लंबर आला. त्याच्याकडून गोरक्षने नळाबरोबर बाथरूमची फरशीही फोडून घेतली, कोणी न सांगता. मीनाचं छत हळूहळू वाळलं. अक्काबाईची बोटं होती तशीच राहिली. गोरक्ष जिन्यात दिसला की भिंतीकडे सरकून वाट द्यायचा, आणि मीना घाई न करता जायची.

मंजुषा मात्र पुन्हा कधी चहाला आली नाही. ओल्या गाद्या तिने एकटीने उचलल्या होत्या. खोटं आपण तिच्या तोंडावर बोललो, एवढी एकच गोष्ट मीनाला लागून राहिली. बाकी कशाचं तिला वाईट वाटलं नाही.