स्टेपनीचा खुंटा

असोद्याच्या मंजुळाबाईंनी पिकअपच्या हौद्यात स्टेपनीला खुंटा करून घेतला, ते साल २०१८. माघ महिना होता. मंजुळाबाईंना तेव्हा अडुसष्ट वर्षं झाली होती आणि त्यांच्या पुरणाच्या मांड्यांचं नाव पार धुळ्यापर्यंत पोचलं होतं. मांडे भाजायचे ते खापरावर. चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर. त्यांची तीन खापरं वीस-बावीस वर्षं जाळावर मुरलेली. नव्या खापराला मांडा चिकटतो, फाटतो आणि चारचौघींत शोभा होते.

धुळ्याला धाकट्या बहिणीच्या, दगडीबाईच्या नातीचं लग्न निघालं. नात भाविका. तिच्या लग्नात मांडे मंजुळाबाईंनीच करायचे, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. पण भाविकाचा बाप ललित याने एक आचारी सांगून ठेवला आणि फोनवर म्हणाला, "मावशी, आदल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत खापरं धड पोचली तर मांडे. नाहीतर मी जिलबी सांगतो. तुम्ही आपल्या खुर्चीवर बसा आरामात."

ती खुर्ची मंजुळाबाईंच्या जिव्हारी लागली. लग्नघरात खुर्चीवर बसतात ते पाहुणे.

ललितचंही अगदीच चुकत नव्हतं. मंजुळाबाईंच्या मुलाची, भूषणची, केळी वाहायची जुनी पिकअप होती. गाडीखाली स्टेपनी अडकवायची साखळी गंजून गळाली, तेव्हापासून ती स्टेपनी हौद्यात सुटी लोळायची. मागल्या वर्षी फैजपूरच्या लग्नाला जाताना एका वळणावर ती उठली आणि चौथ्या खापरावर जाऊन बसली. चुरा झाला. नातेवाईक वर्षभर हसत होते.

म्हणून लग्नाला आठ दिवस असताना मंजुळाबाईंनी गावातल्या वेल्डिंगवाल्या रोहिदासला अंगणात बोलावलं. रोहिदासने खडूने फरशीवर चार नकाशे काढले. एकात साखळ्या होत्या, एकात कड्या, एकात तर लोखंडी पेटीच. मंजुळाबाईंनी चारही पायाने पुसले आणि त्याला पडवीतल्या जात्यापाशी नेलं.

"वरच्या तळीला भोक, भोकात खुंटा. पन्नास वर्षं फिरवलं, कधी निसटलं का? हेच उभं कर. चाक खुंट्यात घाल, वरून झाकण दे, नट आवळ."

रोहिदासने वाकून जात्याचा खुंटा बोटांनी हलवून पाहिला. मग म्हणाला, "अक्का, माझी दोन वर्षं आयटीआयमध्ये फुकट गेली."

सामान घरातच निघालं. वखराची जुनी पास, म्हणजे लोखंडी पातं, केबिनमागच्या जाळीला आडवी जोडली. विहिरीवरच्या जुन्या पंपाचा जाडजूड बोल्ट खुंटा म्हणून तिच्यावर वेल्ड केला. झाकणाला तव्याएवढी पत्र्याची चकती. मापं मंजुळाबाईंनी वितीने घेतली. रोहिदासने मागून टेपने तपासली आणि टेप गुपचूप खिशात घातला.

स्टेपनी चढली, नट आवळला. शेजारचा झिपरू तिला लोंबकळला, त्याला भूषण लोंबकळला. हलली नाही. पण मंजुळाबाईंचं समाधान होईना, तेव्हा गल्लीतल्या बायांनी आपापल्या घरची चिरलेली मडकी आणून दिली. केळीच्या वाळल्या पानांवर सात मडकी मांडून, शाळेपुढच्या गतिरोधकांवरून पिकअप तीनदा फिरवली. मागे अर्धं गाव. कुणीतरी हलगी काढली. वरात कोणाची, असं विचारणाऱ्या म्हाताऱ्याला मडक्यांची असं उत्तर मिळालं आणि तोही सामील झाला. सातातली सहा वाचली. सातव्यावर झिपरू बसला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी खापरं गोधड्यांत गुंडाळून मायलेक निघाले. पारोळ्याच्या पुढे मागचं चाक बसलं. भूषण हसला, स्टेपनी एवढ्या थाटात उभी असताना भ्यायचं काय? त्याने जॅक लावला, चाकाचा पाना घेऊन हौद्यात चढला आणि तिथेच थांबला. खुंट्याचा नट पंपाचा होता. त्याला लागणारा पाना असोद्याला विहिरीवर खुंटीला टांगलेला.

"आई, सहा वाजेपर्यंत काही होत नाही आता. ललितदादाला जिलबी सांगायला सांगू?"

मंजुळाबाई खाली उतरल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते धुळीवर ढकललं. आणि कानावर आवाज आला, घर्रर्र. रस्त्यापलीकडच्या शेतात पंपाची मोटार चालू होती. जिथे मोटार तिथे पाना. पदर खोचून त्या बांधावरून निघाल्या आणि पाव तासाने पाना, तांब्याभर पाणी आणि शेताचा मालक सुपडू, तिन्ही घेऊन आल्या. सुपडूने नट सोडला, पण लगेच खाली उतरेना. खुंटा हाताने चाचपून म्हणाला, "हे कोणत्या कारखान्याचं?"

"जात्याच्या," मंजुळाबाई म्हणाल्या आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं.

धुळ्यात शिरले तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. दारात दगडीबाई उभी. तिने अहिराणीतच विचारलं,

"अक्का, खापरं धड शेतस ना?"

मंजुळाबाईंनी एकेक गोधडी उलगडून दाखवली. एक, दोन, तीन. दगडीबाईने तिथेच बहिणीला धरून गिरकी घेतली, दोघींचे मिळून एकशे चौतीस वर्षांचे गुडघे विसरून. ललितने खुर्ची स्वतः उचलून आत ठेवली. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईंनी एकशे साठ मांडे केले, आणि आचारी पंगतीला बसून चार खाऊन गेला.

पुढे रोहिदासने असे खुंटे कितीक गाड्यांना बसवले. मापाला मात्र तो अजून विचारायला येतोच. सुपडू लग्नाला आला तो सहकुटुंब, आणि आता दर दिवाळीला येतो. भूषणने ती पिकअप विकून मोठी घेतली. झिपरू लष्करात गेला. ललित मावशीला आधी विचारल्याशिवाय कार्य काढत नाही. दगडीबाई तीन वर्षांपूर्वी गेली; शेवटचं जेवण तिने मांड्याचंच मागितलं होतं. भाविका चाळीसगावला नांदते, शाळेत शिकवते. मंजुळाबाईंच्या हाताला आता कंप आहे, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत भाविका येते, तेव्हा त्या चुलीजवळ पाट घेऊन बसतात आणि तिचा मांडा फाटला की मोठ्याने हसतात.