बोटभर ताईंचा अंगठा

मी मोजा बोलतोय, पण जरा हळू आवाजात. स्वतःची ओळख सांगायलाही मला संकोच वाटतो, कारण मी कोणा एकाचा मोजा नाही. मी बुटांच्या दुकानातला ट्रायलचा मोजा. गिऱ्हाईक चप्पल घालून आलं आणि त्याला बूट घालून बघायचे असले, की त्याच्या पायात चढवतात तो. घटकाभर पायात, मग पुन्हा टोपलीत.

माझा जन्म एका गोल फिरणाऱ्या यंत्रावर झाला. माझ्याबरोबर विणलेले सगळे राखाडी भाऊ जोडीजोडीने पाकिटात गेले. मलाही वाटलं होतं, आपल्याला एक घर मिळेल, रोजचे ओळखीचे पाय मिळतील, वाळत घालायला एक दोरी मिळेल. पण दुकानाच्या मालकांनी आमचं पाकीट फोडलं आणि म्हणाले, "हे विकायचे नाहीत. हे सगळ्यांचे." मला तर ते ऐकूनच खाली मान घालावीशी वाटली. मोज्याला मान नसते, ही गोष्ट वेगळी.

तेव्हापासून मी पुष्कळ पाय पाहिले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माणसं बाकावर बसली, की आधी पाय बाकाखाली ओढून घेतात. मग म्हणतात, "माफ करा हं, आज पाय जरा खराब आहेत." ज्यांचे पाय स्वच्छ असतात, तेही हेच म्हणतात. भेगा, कुरूप, वाकडी करंगळी, सगळं जणू त्यांनी मुद्दाम केल्यासारखं लपवतात.

त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसायच्या आमच्या ताई. बूट घातला की त्या अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघत आणि म्हणत, "पुढे बोटभर जागा हवी. नंतर सैल होईल असं कोणी म्हटलं तर अजिबात ऐकू नका." हे त्या इतक्यांदा म्हणत, की काउंटरवर काम करणारी धाकटी मुलगी त्यांना बोटभर ताईच म्हणायची. संध्याकाळी दुकान आवरताना आम्हा मोज्यांना मोरीत साबणाने धुणाऱ्याही त्याच.

आता जे सांगायचं आहे, ते सांगताना मला फार अवघड वाटतंय.

दुकानाचा एक नियम होता. कामावरच्या बायकांनी दुकानातलेच बूट घालायचे. कंपन्या नव्या बुटांचा नमुना म्हणून एकेक जोड पाठवत, आणि बायकांच्या बुटांचा नमुना नेहमी पाच नंबरचा येई. तो काचेच्या कपाटात मांडत. मोसम संपला की मालक ते जोड ताईंना आणि धाकटीला वापरायला देत. ताईंचा पाय सहा नंबरचा. कामाच्या पहिल्या दिवशी मालकांनी विचारलं, "बसतात ना?" ताई नव्या होत्या. नोकरी मिळाली याचाच त्यांना इतका आनंद झाला होता, की त्या म्हणाल्या, "बसतात, बसतात."

एकदा बसतात म्हटल्यावर पुढे नाही कसं म्हणायचं? मोसम बदलले, बूट बदलले, नंबर पाचच राहिला. दिवसभर लोकांना बोटभर जागा सांगणाऱ्या ताई स्वतः बोटं आखडून उभ्या राहायच्या.

हळूहळू डाव्या अंगठ्याचं नख कडेने मांसात शिरायला लागलं. ताई नेलकटर आत घुसवून तो कोपरा कापायच्या. दोन दिवस बरं वाटायचं, मग नख आणखी आत जायचं. त्या लंगडू लागल्या.

"बोटभर ताई, आज चाल काही वेगळीच आहे," धाकटी म्हणाली.

"गुडघा धरलाय गं."

दुसऱ्या दिवशी ताई चुकून म्हणाल्या, "कंबर धरलीय." धाकटी हसून म्हणाली, "काल गुडघा, आज कंबर. दुखणं वर चाललंय ताई, उद्या डोक्यात जाईल."

त्या दुपारी ताई गोदामात गेल्या, खोक्यांच्या आडोशाला बसल्या आणि त्यांनी बूट काढला. त्यांचा स्वतःचा मोजा ओला झाला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिथे ठेवलेल्या टोपलीतून मला उचललं. मी तो अंगठा अगदी जवळून पाहिला. एका बाजूने टम्म सुजलेला, लाल, आणि नखाच्या कडेला पू. माझा नुसता धागा लागला तरी ताईंनी ओठ दाबले.

संध्याकाळपर्यंत माझ्यावर मोठा डाग पडला. सगळ्यांचा मोजा, आणि त्यावर रक्त! ताईंनी मला घाईघाईने पर्समध्ये कोंबलं. तिथे अंधारात आम्ही दोघंही शरमलेले होतो, मी आणि पर्सबाहेरच्या त्या.

घरी त्यांनी मला घासघासून धुतलं. डाग फिका झाला, पण गेला नाही. मग त्यांनी मला बाथरूमच्या दारामागे टॉवेलखाली लपवून वाळत घातलं. टॉवेल घ्यायला आली त्यांची लेक. ती नववीत शिकते. बोलते कमी, बघते जास्त. ती मला हातात घेऊनच आईकडे आली.

"आई, हा मोजा कोणाचा?"

"गिऱ्हाइकाचा."

"गिऱ्हाइकाचा मोजा तू घरी आणून धुतेस?"

ताईंनी टेबलाखाली पाय ओढून घेतला.

"पाय दाखव."

"काही नाही झालेलं. तू अभ्यास कर."

"आई, दाखव ना गं."

शेवटी ताईंनी पाय दाखवला. लेक घाबरली, पण ओरडली नाही. "डॉक्टरकडे चल," एवढंच म्हणाली.

"आणि तिथे काय सांगू?" ताईंचा आवाज एकदम चिरका झाला. "दिवसभर लोकांना बूट बसवते आणि स्वतःचा पाय असा? मालकांना कळलं तर मला गोदामात खोकी लावायला बसवतील. लंगडणाऱ्या बाईकडून बूट कोण घेईल?"

"मग त्या नेलकटरने परत कोरणार आहेस?"

लेकीने नेलकटर उचलून स्वतःच्या दप्तरात टाकलं आणि पायांच्या दवाखान्यात फोन केला.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी ताईंच्या पायातच होतो. निघण्याआधी ताईंनी पाय पुन्हा पुन्हा धुतले, वर पावडर लावली. दवाखान्यात उंच खुर्ची होती. डॉक्टर बाईंनी मला हळूच काढून लेकीच्या हातात दिलं.

"माफ करा हं," ताई म्हणाल्या, "पाय जरा खराब आहे."

"खराब पाय बघायलाच बसलेय मी," डॉक्टर म्हणाल्या. "काम काय करता?"

"ऑफिसात... बसून असते."

लेकीने आईकडे पाहिलं आणि मला मुठीत घट्ट आवळलं.

"बूट मात्र घट्ट घालता. तुमची तरी काय चूक? दुकानातल्या त्या बायका माप घेतच नाहीत. जे शिल्लक असेल ते गळ्यात मारतात."

ताईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "नाही हो!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "आम्ही दोन्ही पायांचं माप घेतो. उभं करून घेतो. माझ्या हातून एकही चुकीचा बूट गेलेला नाही." मग त्यांना कळलं आपण काय बोललो, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. "मी... बुटांच्या दुकानात आहे. खोटं बोलले मघाशी."

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी सुईने अंगठा बधिर केला, नखाची आत घुसलेली बारीक पट्टी काढली आणि मलमपट्टी केली. "नख सरळ कापायचं, कोपरे खोदायचे नाहीत. आणि जखम भरेपर्यंत पुढून उघडी चप्पल. बूट बंद."

बूट बंद! ताईंना तेच सगळ्यात कठीण होतं. रात्री लेकीने माझं टोक कात्रीने कापलं, म्हणजे पट्टीवर दाब येणार नाही. माझं टोक गेलं, पण डाग त्याच्या मागेही पसरलेला होता, आणि आता तो डाग आणि ताईंची पट्टी दोन्ही सगळ्यांना दिसणार होतं.

सकाळी दुकानात मालकांनी चपलेकडे पाहिलं. "हे काय? नियम विसरलात?"

ताई फरशीकडे बघत म्हणाल्या, "साहेब, मला सहा नंबर लागतो. नमुन्याचे बूट पाचचे असतात. बसतात म्हटलं होतं, पण बसत नव्हते. आता गोदामात बसवायचं असेल तर तसं सांगा."

मालक काही बोलायच्या आत काउंटरमागून धाकटीचा आवाज आला. "साहेब, मला चार लागतो. मी पुढे कापूस भरते."

मालकांनी कपाळावर हात मारला. "बुटांचं दुकान, आणि घरच्याच माणसांचे पाय असे? आपापल्या मापाचे जोड काढून घ्या. पट्टी सुटेपर्यंत तुम्ही चप्पल घाला, ताई. आणि बाहेर कोणाला सांगू नका, माझी अब्रू जाईल." मग ताईंकडे वळून म्हणाले, "गोदामात कशाला? बाकावर गिऱ्हाईक ताटकळलंय, जा."

वाचकहो, मी आता टोपलीत परत जाणार नाही. जखम भरली की माझा बूट पुसायचा फडका होईल. लाज मला अजूनही वाटते, कापलेल्या टोकाची आणि न गेलेल्या डागाची. तरी तुम्हाला एक विनंती करतो. पाय दुखत असेल तर तो बाकाखाली ओढून घेऊ नका, जाणत्या माणसाला दाखवा. आता निरोप घेतो, फक्त त्या सकाळचं गिऱ्हाईक तेवढं सांगायचं राहिलं.

बाकावर एक बाई बसल्या होत्या. ताई स्टुलावर बसल्या तशी त्यांची नजर पट्टीवर गेली. त्यांनी अगदी हळू विचारलं, "नखाचं का? काढताना फार दुखतं?"

"सुई टोचते तेवढंच. त्याआधी दुखत होतं ते जास्त."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग बाकाखालून त्यांचा उजवा पाय थोडा थोडा करत बाहेर आला आणि ताईंच्या गुडघ्यावर टेकला. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. ताईंनी मिटले नाहीत.