जाताना पाणी बंद केलं

दार ढकलायला पुढे झालेला हात त्याने मागे घेतला आणि बेल वाजवली. बेल तीच होती, घसा बसलेली. ती नीट वाजायला बटण दोनदा दाबावं लागतं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. म्हणून त्याने एकदाच दाबलं आणि हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून बाहेरच्या माणसासारखा थांबून राहिला.

दार उघडणाऱ्या बाईच्या अंगावर इस्पितळातल्या नर्सचा गणवेश होता, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, हातात रिकामी बादली.

"प्लंबर ना? या, अगदी देवासारखे धावून आलात. मीटरच्या झाकणाच्या आत रंगाने नंबर लिहिलेला दिसला, म्हणून फोन केला. आधीच्या मालकाने तुमच्याकडूनच काम करून घेतलं असणार."

"हो," तो म्हणाला. "माझ्याकडूनच."

जिथे काम करायचं तिथे मीटरच्या झाकणाखाली नंबर लिहून ठेवायचा, ही त्याची जुनी सवय. हे घर बांधलं तेव्हा स्वतःच्या मीटरवरही त्याने तो लिहिला होता. "आपला नळ गळला तर आपल्यालाच फोन करणार वाटतं?" असं म्हणून बायको पोट धरून हसली होती. तीच बायको आज सकाळी भाड्याच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

"जखम आपली आणि मीठही आपणच घेऊन जायचं? जाऊ नका तुम्ही."

"काम आहे," तो म्हणाला होता, आणि तिच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडला होता.

घर लिलावात जाऊन वर्ष होत आलं होतं. कर्ज मात्र जागचं हललं नव्हतं. लिलावात आलेली किंमत कर्जाला पुरली नाही. जे उरलं त्याला व्याज फुटलं, व्याजाला दंड फुटला, दंडाला वकिलाचा खर्च. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं लोक म्हणतात. बँकेने त्या धुपाटण्यावरही व्याज लावलं. आणि त्या कर्जाचं दुसरं टोक दाजींच्या हातात होतं. थोरल्या बहिणीचा हा नवरा जामीन राहिला होता तो एका शब्दावर, हातातला चहाचा कपही खाली न ठेवता. आता सोमवारी बँकेत जाऊन उरलेली सगळी बाकी मान्य असल्याची सही करायची होती. केली तर म्हातारपणापर्यंत हप्ते, न केली तर पुढच्या महिन्यापासून दाजींच्या पगारावर जप्ती.

तो आत आला. भिंतींना नवा रंग होता, पण दुपारचं ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसलं होतं, पूर्वी बसायचं तसंच. खिडकीपाशी नर्सचे वडील खुर्चीत होते. स्वयंपाकघरात बादल्या, पातेली, डबे, सगळं रांगेने मांडून वर झाकण्या ठेवलेल्या होत्या.

"महिना झाला राहायला येऊन," ती म्हणाली. "शेजारच्यांच्या नळावरून भरून आणते. ठेकेदार बघून गेला. म्हणाला, मीटरपर्यंत पाणी आहे, पुढे नाही, म्हणजे आतले सगळे पाइप कुजलेत. भिंती फोडाव्या लागतील."

"फोडेल की. फोडण्यातच त्याची कमाई."

खुर्चीतून खोकल्यासारखं हसू आलं. "हेच मी पहिल्या दिवशी म्हणालो. पण ऐकतंय कोण! माणूस निवृत्त झाला की त्याच्या अकलेलाही निवृत्त करतात."

"बाबा, तुम्ही त्याला 'भिंत तुझ्या बापाची आहे का' असं विचारलंत. म्हणून तो परत आला नाही."

"मग? होती का त्याच्या बापाची?"

त्याला हसू आलं असतं. त्याने पाना काढला आणि उगाच मोरीवरच्या नळाला लावला. नळ उघडला, पोकळ पोटातून यावा तसा एक सुस्कारा आला, बाकी काही नाही.

"तसं आम्हाला आधीच माहीत होतं म्हणा," ती मागून म्हणाली. "बँकेचा किंमत ठरवणारा माणूस लिलावाच्या आधी आला होता ना, त्यानेही नळ उघडून पाहिले होते. लिलावाच्या जाहिरातीतच छापलं होतं: घरात पाणी नाही, नळजोडणी निकामी. म्हणून तर किंमत एवढी उतरली. नाहीतर आमच्यासारख्यांना हे घर कुठलं परवडायला! सोमवारी तोच माणूस परत येणार आहे. नवे पाइप टाकायला बँकेने मला वेगळं कर्ज मंजूर केलंय. नळ कोरडे आहेत हे डोळ्यांनी पाहून तो सही करणार, मग पैसे सुटणार."

पाना नळावरच राहिला.

"किंमत कशामुळे उतरली म्हणालात?"

"पाण्यामुळे. म्हणजे, पाणी नाही म्हणून."

त्याला बँकेत सांगितलं होतं, बाजार पडला. बाजार पडला, पाऊस पडला, झाड पडलं, त्यात कुणाचा दोष नसतो अशा सुरात. आणि त्याने ते मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

घर सोडण्याचा दिवस त्याला लख्ख दिसला. सामान टेम्पोत चढलं होतं, बायको रस्त्यापलीकडे पाठ करून उभी होती. तो एकटा आत परतला. रिकाम्या घरात पाणी चालू ठेवून निघायचं नसतं. कुठे एखादा सांधा सुटला तर घर नासतं. घर कुणाचं आहे, हा प्रश्न प्लंबरला पडत नाही. त्याने जिन्याखाली वाकून चपलांच्या फळीमागची सरकती फळी काढली, मुख्य व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि फळी जागेवर बसवली. बाहेर अंगणात पोरं खेळता खेळता चाक फिरवतील, म्हणून तो व्हॉल्व्ह त्याने मुद्दाम आत घेतला होता. मग किल्ल्या द्यायला तो बँकेच्या कारकुनापाशी गेला.

"किल्ल्या किती? दोन? इथे सही."

"साहेब, पाण्याचं एक सांगायचं होतं."

"ते नंतर. इथे, आणि इथे."

ते नंतर कधी आलंच नाही. फोन मात्र आले. हप्त्यासाठी आले, बाकीसाठी आले, बायको तापाने फणफणलेली असताना आले, थोरल्या बहिणीच्या घरीही गेले. जीभ झिजेपर्यंत ज्यांनी फोन केले, त्यांच्यापैकी एकालाही एवढं विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, तुझ्या घरात पाणी कुठून चालू होतं? एका फोनचं काम होतं. त्या एका फोनची किंमत ते आता त्याच्याकडून वसूल करत होते, व्याजासकट.

तो जिन्याखाली वाकला. फळी सरकली. आतल्या काळोखात चाकाची थंड लोखंडी कड बोटांना लागली, ओळखीच्या जनावरासारखी. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"नमस्कार काका! आवाज ओळखलात ना?" वसुलीवाल्या पोऱ्याचा आवाज नेहमीसारखा मधात घोळलेला. "सोमवारचं लक्षात आहे ना? नाही म्हणजे, आपली आठवण."

"आहे."

"तुमच्या दाजींशीही बोललो आत्ता. भला माणूस हो. म्हणाले, जे व्हायचं ते होईल. अशा माणसाला त्रास झाला तर मलाच वाईट वाटेल बघा."

"तुला वाटेल?"

"म्हणजे काय काका, आम्हीपण माणसंच आहोत."

त्याने फोन बंद केला. हात पुन्हा चाकावर गेला आणि तिथेच थांबला. आत्ता हे चाक फिरवलं तर पाणी येईल, आणि पाणी आलं की सगळं संपेल. उद्या कोणीही म्हणेल, नव्या मालकिणीने दुरुस्त करून घेतलं. पाणी होतं आणि किंमत उगाच पाडली, हे दाखवायला नळ आधी कोरडा असायला हवा. तो कोरडा पाहिलेला माणूस समोर असायला हवा. आणि तो माणूस सोमवारी आपल्या पायांनी येणार होता. दोन दिवस फक्त गप्प बसायचं होतं.

त्याने फळी लावली. उठून हात झटकले.

"आज नाही व्हायचं ताई. एक भाग आणावा लागेल. सोमवारी सकाळी येतो."

"सोमवारी?" तिने बादली खाली ठेवली. तिच्या तळहातावर कडीचा वळ उमटला होता, लालसर, आडवा. "बरं. महिना काढला, दोन दिवस काय."

तो पिशवीची चेन लावू लागला. ती लागेना.

"एक विचारू का?" खुर्चीतून वडील म्हणाले. "नवा माणूस घरात आला की आधी डोकं आपटतो त्या जिन्यावर. मी आपटलं, हिने आपटलं, ठेकेदाराने तर दोनदा आपटलं. तुम्ही न बघताच वाकलात."

त्याने चेन सोडून दिली.

"घर माझं होतं," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. राग खरा असला की माणसाला थोडे शब्द पुरतात. फळी, व्हॉल्व्ह, कारकून, दाजी, सही. बोलताना तो त्या दोघांकडे न बघता मोरीवरच्या नळाकडे बघत होता, जणू तोच साक्षीदार होता आणि फितूर होण्याची भीती होती.

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"म्हणजे तो व्हॉल्व्ह फक्त बंद आहे? एवढंच?"

"एवढंच."

"महिनाभर मी..." तिने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही सोमवारपर्यंत मला पाणी वाहायला लावणार होतात!"

"हो."

"सरळ तोंडावर हो म्हणता?"

"खोटं बोललो होतो. आता खरं बोलतोय. शिव्या घाला, पण मला दुसरा रस्ता दिसला नाही."

"उघडा तो."

तो हलला नाही.

"उघडा म्हणते ना! घर माझं आहे."

तो जिन्याखाली गेला. चाक आधी अडलं, मग करकरत फिरलं. भिंतीच्या आत कुठेतरी एक लांब धडधड उठली आणि वरच्या मजल्यापर्यंत चढत गेली. मोरीवरचा नळ खोकला, तांबूस गढूळ थुंकला, पुन्हा खोकला आणि मग वाहू लागला, आधी चहासारखा, मग निवळ. वडील काठी टेकत आले आणि त्यांनी धारेखाली हात धरला. पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत शिरत होतं, तरी त्यांनी हात काढला नाही.

ती बादल्या भरत सुटली. बादल्या झाल्या, पातेली झाली, पिंप झालं, पिठाचा रिकामा डबा झाला. फुलदाणीसुद्धा भरली. तो भिंतीला टेकून पाहत राहिला. गेलं, त्याच्या मनात आलं. सोमवारी सही करायची, झालं. दाजींना कळवावं लागेल.

भरण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तिने नळ तसाच वाहता ठेवला आणि ओल्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारले.

"आता बंद करा."

"नळ?"

"नळ नाही. ते आतलं. होतं तसं बंद करा आणि फळी लावून टाका." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "तो सोमवारी अकराला येतो. नळ उघडून बघू दे त्याला. लिहू दे काय लिहायचं ते. त्याचं लिहून झालं की जिन्याखाली वाका."

"पोरी," वडील म्हणाले, "जरा विचार कर. स्वस्तात मिळालेलं घर महागात पडेल. लिलावच उकरून काढतील. हे तुझ्याच अंगावर आलं तर?"

"येईल कदाचित." तिने भरलेल्या बादलीवर झाकणी ठेवली. "पण बाबा, उद्या माझे हप्ते थकले, तर माझ्या घराची किंमत ठरवायला कोण येणार? तोच ना?"

वडिलांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली, फुलांशिवायच, पाण्याने काठोकाठ भरलेली.

"यायचे पैसे किती झाले तुमचे?" तिने त्याला विचारलं.

"सोमवारी बघू."

"सोमवारी तुम्हाला बँकेत सही करायची आहे ना?"

"ती नंतर," तो म्हणाला.

तो पुन्हा जिन्याखाली वाकला. गेल्या वेळी रिकाम्या घरात हेच चाक त्याने पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं हळुवार फिरवलं होतं. आता त्याने दोन्ही हात लावले आणि दातांवर दात रोवून ते शेवटच्या आट्यापर्यंत आवळलं.

बाहेर धार बारीक होत गेली, दोऱ्याएवढी झाली, तुटली. तो हात पुसत त्या दोघांच्या मागे येऊन उभा राहिला. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, आणि तिघेही त्याच्याकडे बघत, तो पडायची वाट पाहत थांबले.